बेसमेंटमधल्या मुलीचं पाकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज सांगतेय, कारण गेल्या आठवड्यात सुनेने माझा रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. लगेच पुण्याहून तिन्ही नणंदांचे फोन — वहिनी, साखर सोडा, चालायला लागा. इतकी चिडले मी! माझं शरीर, माझा कागद — तुम्हाला कुणी विचारलं होतं? सुनेच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातूनच मागे फिरले. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

सात वर्षांपूर्वी आमच्या स्कारबरोच्या घरात, बेसमेंटमध्ये, मृणाल राहायची. साताऱ्याची, इथे परदेशात कॉलेजात शिकायला आलेली. तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं, लक्ष ठेवा, तुमचीच मुलगी समजा. मीही समजले. घराला पत्रपेटी एकच. तिची पत्रं मीच आणायचे आणि बेसमेंटच्या जिन्यावर ठेवायचे. घरच्या माणसांत काय लपवायचं — हे मी किती वेळा म्हटलं असेल! आता कुणी म्हटलं की डोकं फिरतं.

एक दिवस तिच्या नावे एका क्लिनिकचं पाकीट आलं. मी ते — हो, मी ते उघडलं. चुकून नाही. नाव नीट वाचून उघडलं. ती समुपदेशनाला जात होती. झोप लागत नव्हती, सारखं रडू यायचं. माझ्याच घरात राहून मला सांगितलं नाही, याचाच मला राग आला. काळजी? ती नंतर सुचली. मी पत्राचा फोटो काढून तिच्या आईला पाठवला. माझं नाव घेऊ नका, असंही वर लिहिलं, आणि पाकीट नेहमीसारखं जिन्यावर ठेवलं.

पंधरा दिवसांत वडिलांनी तिला परत बोलावलं. एकच सेमिस्टर राहिलं होतं. ते सुटलं, आणि जिथे ती जरा सावरत होती ते समुपदेशनही सुटलं.

निघताना बॅगा दाराशी ठेवून तिने विचारलं, “काकू, माझं पत्र तुम्ही उघडलं होतं का?”

“नाही गं. पाकीट फाटूनच आलं होतं.”

ती सॉरी म्हणाली, तुमच्यावर उगाच संशय घेतला म्हणाली. पायात बर्फाचे बूट, अंगावर जाड जॅकेट — तशीच वाकून माझ्या पाया पडली.

मी तिला आशीर्वाद दिला.