अंड्यांचा धंदा आणि आमची वाडी

मला तेलुगू येत नाही. ही गोष्ट आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. पण गेल्या वर्षीच्या एका शुक्रवारी, दुपारी दोनपासून साडेतीनपर्यंत, मी माझ्या सख्ख्या बापाला तेलुगू सिनेमाचं मराठी भाषांतर करून सांगितलं. तेही एका ठाम हेतूने. हेतू चांगला नव्हता, पण ठाम होता.

मी बहरीनला एकोणीस वर्षं आहे. एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढतो. बायको रेमी नर्स आहे, मुलगी शेरल शाळेत आहे आणि आम्ही गुदैबियात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान, समोर केरळी हॉटेल, बाजूला केस कापायचं दुकान. त्या थंडीत माझे बाबा, इनास, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. वय पंचाहत्तर, कान तिखट, बोलणं कमी. वसईला आमची वाडी आहे. केळी, सोनचाफा, थोडी भाजी. ती कसतो माझा धाकटा भाऊ इलियास. बाबा त्याच्याकडेच राहतात.

बाबा यायच्या आठवडाभर आधी गावातल्या एकाने मला फोनवर सहज सांगितलं, "तुझा बाप वाडी इलियासच्या नावावर करतोय म्हणे."

"सगळी?"

"म्हणे."

त्या एका 'म्हणे'ने माझी झोप उडाली. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत मी त्या वाडीत एकूण दोन केळीची पानं कापली असतील. (त्यातलं एक फाटलं.) पण वाडी आपली आहे आणि वाडी आपली नाही, यात फार फरक असतो. तो फरक बाबांना पटवायचा, असं मी ठरवलं.

"मग सरळ विचार ना त्यांना," रेमी म्हणाली.

रेमीला आमच्या घराची रीत अजून कळलेली नाही. बाबांना मी शेवटचा सरळ प्रश्न विचारला तो दहावीत, सहलीला जाऊ का म्हणून. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मार्ग सापडला तो रावसाहेबांमुळे. राव म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी, राजमहेंद्रीचे, एका हॉटेलात एसी आणि लिफ्टची देखभाल बघतात. जिन्यात भेटले तेव्हा एका जुन्या तेलुगू सिनेमाबद्दल बोलत होते. "फुल फॅमिली कॉमेडी है पास्कलभाई. बाप है, दो लडका है, प्रॉपर्टी है. लास्ट में बाप करेक्ट डिसिजन लेता है."

बाप, दोन मुलगे, प्रॉपर्टी. मी तिथेच थांबलो. 'करेक्ट डिसिजन' म्हणजे काय, हे विचारायची मला गरज वाटली नाही. करेक्ट काय ते मला माहीत होतं.

रावांनी पेन ड्राइव्ह दिला. स्वतः त्यांची शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ड्यूटी होती, याची मी दोनदा खात्री करून घेतली.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आलो, सुरमईचं कालवण आणि भात जेवलो, आणि मी टीव्ही लावला. "बाबा, फार चांगला सिनेमा आहे. तेलुगू आहे, पण मी सांगतो ना अर्थ."

"तुला तेलुगू येतं?"

"इथे शेजारपाजार सगळा तेलुगूच. कानावर पडून पडून येतं."

शेरलने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "डॅड, यू डोन्ट नो तेलुगू."

"काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं.

"आवाज वाढवा म्हणतेय," मी म्हणालो, आणि वाढवला. भाषांतराची सुरुवात ही अशी झाली.

पहिली दहा मिनिटं सोपी गेली. मोठं घर, धोतर नेसलेला म्हातारा, सगळे त्याला 'नान्ना, नान्ना' म्हणत होते. "त्याचं नाव नाना," मी सांगितलं. लुंगीतला एक पोरगा अंगणात राबत होता. "हा धाकटा." मग एक गाडी आली आणि त्यातून सूटबूट, काळा चष्मा घातलेला एक गृहस्थ उतरला. "हा थोरला. परदेशात असतो. फार कष्टाळू."

बाबांनी मान हलवली. माझं काम रुळावर होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पास्कू, हे सारखं अंडी, अंडी काय म्हणतात?"

मीही ऐकलं. खरंच प्रत्येक वाक्याच्या शेवटी अंडी. नोकर म्हणे अंडी, वकील म्हणे अंडी, सुना म्हणत अंडी. मला थांबणं परवडणारं नव्हतं.

"त्यांचा अंड्यांचा धंदा आहे," मी म्हणालो.

"असं?"

"मोठी पोल्ट्री. त्यावरूनच सगळं भांडण."

रेमी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती नुसती बघत राहिली. लग्नाच्या बायकोने असं बघू नये.

पाच मिनिटांनी बाबा म्हणाले, "कोंबडी एकही दिसत नाही."

"कोंबड्या दुसऱ्या गावात आहेत."

"आणि अंडी?"

"तीही तिथेच. इथे फक्त हिशोब."

पडद्यावर आता मोठी वादावादी चालली होती आणि त्यात 'आस्ती, आस्ती' असं वारंवार येत होतं. बाबा सावरून बसले. "अस्थी? कोण गेलं?"

"नानाची बायको."

"ती आत्ता कॉफी घेऊन आली की."

"ती बहीण. बायकोसारखी दिसते."

एकदा माणूस मेला की त्याचं सगळं करावं लागतं. पुढची वीस मिनिटं मी त्या जिवंत बाईला पडद्यावर येईल तेव्हा 'बहीण, बहीण' म्हणत राहिलो. एका गाण्यात नाना तिच्या केसांत फूल माळायला लागला तेव्हा मी घाईघाईने रिमोट घेऊन गाणं पुढे ढकललं. बाबा म्हणाले, "गाणं चांगलं होतं." मी म्हणालो, "अश्लील होतं." ते मागे टेकले.

खरी अडचण थोरल्याने केली. मी त्याला मोठ्या मेहनतीने सज्जन केलं होतं, आणि तो पडद्यावर एकेक असं करायला लागला की मला भराभर कारणं शोधावी लागली. धाकटा म्हाताऱ्याचे पाय चेपत होता.

"हे सगळं ढोंग," मी सांगितलं. "धाकट्याचा डोळा पोल्ट्रीवर आहे."

धाकट्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन पावसातून दवाखान्यात नेलं.

"लोकांना दाखवायला."

"रस्त्यावर तर कुणीच नाही," बाबा म्हणाले.

इकडे थोरला, घरात कुणी नाही बघून, बापाचं कपाट उचकत होता. मागे वाजणारं संगीत असं, की शेरलनेही मोबाइल खाली ठेवला.

"औषध शोधतोय बापाचं," मी म्हणालो.

त्याने एक कागद काढला, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेशी गेला, खिशातून शाईची डबी काढली आणि म्हाताऱ्याचा अंगठा धरला.

"नाडी बघतोय."

"शाई लावून?"

"जुन्या काळी असंच बघायचे," मी म्हणालो. बहरीनच्या आधीची दोन धरून एकवीस वर्षं वैद्यकीय क्षेत्रात काढलेल्या माणसाने हे म्हणावं. स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. रेमी हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

आणि मग बेल वाजली.

दारात राव. हातात मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्यांचा, डबा. ड्यूटी लवकर सुटली म्हणे. हा सिनेमा त्यांच्याशिवाय त्यांच्याच इमारतीत चाललाय, ही कल्पना त्यांना लिफ्टमध्येसुद्धा सहन झाली नव्हती. मी दार अर्धंच उघडलं. "रावसाब, बाबा थोडा आराम कर रहे हैं."

"कोण आहे?" आतून खणखणीत आवाज आला.

राव आत गेले, बाबांच्या शेजारी बसले आणि दोनच मिनिटांत खदाखदा हसायला लागले. मी धाकट्याच्या कपटाबद्दल बोलत होतो, ते तसंच अधांतरी राहिलं. बाबांनी त्यांच्याकडे वळून, फिशिंग बोटीवर शिकलेल्या आपल्या हिंदीत विचारलं, "रावसाब, ये अंडे का धंदा किसके नाम पे होयेंगा?"

"कौन सा अंडा, अंकल?"

"सब लोग बोलता है ना. अंडी, अंडी."

रावांनी माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं.

"अंकल, अंडी मतलब जी. इज्जत का बात है. चेप्पंडी, मतलब बोलिए जी." मग त्या भल्या माणसाने, माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, सगळा सिनेमा पहिल्यापासून समजावून सांगितला. नान्ना म्हणजे वडील. आस्ती म्हणजे मालमत्ता. म्हातारी जिवंत आहे. धंदा भाताच्या गिरणीचा, तो धाकट्याने उभा केलेला. आणि थोरला बाहेरगावी राहून, म्हातारपणी आठवण आल्यासारखा येऊन, बापाचा अंगठा चोरून घेणारा. "एक नंबर का फ्रॉड," राव प्रेमाने म्हणाले.

मी पाणी प्यायला उठलो. बाबा म्हणाले, "बस, पास्कू. शेवट बघू."

मी बसलो. शेवटी काय होतं, तर थोरला उघडा पडतो, गुडघ्यावर बसून माफी मागतो, आणि म्हातारा त्याला जवळ घेतो. राव डोळे पुसत होते. माझेही डोळे भरले. "देखो, पास्कलभाई कितना सेंटिमेंटल है," ते म्हणाले आणि रिकामा डबा घेऊन गेले.

बाबांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तुला वाडी हवी होती, तर तोंडाने मागायची."

"बाबा, मी..."

"कपाट उचकणारा माणूस औषध शोधत नसतो, एवढं कळायला भाषा लागत नाही. तरी मी बघत होतो, हा कुठवर नेतो. तू तर बाईच मारलीस."

ते आत गेले आणि बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात घडी घातलेले कागद होते. वाटणीचा कच्चा मसुदा. अर्धी वाडी इलियासची, अर्धी माझी.

"मी सगळी इलियासलाच देणार होतो," बाबा म्हणाले. "राबतो तो. गावभर तेच बोललो होतो. पण त्याने ऐकलं नाही. म्हणाला, दादाला तिकडे आपलं म्हणून काय आहे? भाड्याचं घर. त्याला वाटायला हवं, परत जायला जागा आहे. मी तुझी सही घ्यायला आलोय. जायच्या आदल्या दिवशी काढणार होतो."

मी कागदाकडे बघत राहिलो. अक्षर इलियासच्या बायकोचं होतं, नीट, गोल. माझं नाव आधी लिहिलेलं होतं.

मी तिथेच इलियासला फोन लावला. म्हणालो, मला वाडी नको, सगळी तुझी, बाबांनी आधी ठरवलेलं तेच बरोबर होतं. का नको ते त्याने विचारलं, आणि सांगताना मला अंड्यांपासून सगळं सांगावं लागलं. तो इतका हसला की त्याच्या बायकोने फोन घेऊन विचारलं, भावोजी, ह्यांना काय झालं.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "नको कसं? अर्धी तुझीच. पण फुकट नाही. डिसेंबरात महिन्याची लिव्ह टाकून ये आणि राब."

मी ठरवलं, जायचं. या वेळी खरोखर चांगल्या हेतूने ठरवलं. मॅनेजरशी भांडून लिव्ह घेतली, बाजारातून जाड हातमोजे आणि गमबूट घेतले (इलियासने ते बघून तोंड फिरवलं), आणि पहाटे उठून बाबांच्या आधी वाडीत हजर झालो. इलियासने विचारलं, काय करतोस? म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं शोधतो. कोपऱ्यात कोवळ्या रोपांचा एक वाफा दिसला, पार सुकलेला. मला भरून आलं. चार दिवस मी त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घातलं, माती भुसभुशीत केली, शेणखत आणून टाकलं. पाठ धरली, हाताला फोड आले, पण रोपं तरारली. पाचव्या दिवशी मी बाबांना हात धरून दाखवायला नेलं.

बाबांनी वाकून बघितलं. मग इलियासकडे बघितलं.

"इलियास, हा इथे गवत का वाढवतोय?"

"असू द्या, बाबा," इलियास म्हणाला. "त्याच्याच अर्ध्यात आहे."