एकोणपन्नासावं पान

पुरावासरांची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा माझ्या हातात वाफाळता चहा होता. भेट संपली तेव्हा त्या चहावर साय धरून, वाळून, तिला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांचा नकाशा वर्गात टांगता आला असता. नोकरीचा माझा पहिला दिवस. शिक्षकखोलीत शिरलो, तर कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, किडकिडीत गृहस्थ लाल शाईने कागदाच्या कडेला आकडे टाकत बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, आज जरा उकडतंय.

त्यांनी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कशावरून?"

मी म्हटलं, घाम येतोय. घाम घाबरल्यानेही येतो आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी घाबरायला भरपूर जागा असते, असं त्यांनी शांतपणे दाखवून दिलं. मी पंख्याकडे बोट केलं. पंखा फिरतोय यावरून कुणीतरी बटण दाबलं एवढंच सिद्ध होतं म्हणाले. मग मी शिपायाची ओली कॉलर पुढे केली, उघड्या खिडक्या पुढे केल्या, शेवटी भिंतीवरची निपचित पाल साक्षीला काढली. पाऊण तासाने मी कबूल केलं की आज उकडत नाही, बहुधा याआधीही कधी उकडलं नसावं, आणि मी पदवीधर आहे याला एका कागदापलीकडे माझ्याकडे आधार नाही. ते प्रसन्न हसले. म्हणाले, तुम्ही चांगले वाचक व्हाल. मी भूगोल शिकवायला आलो होतो.

सर इंग्रजी शिकवत. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणं म्हणजे गाइडमधली उत्तरं फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत नेऊन पोचवणं, मधल्या प्रवासात ती कुणाच्याही डोक्याला लागू न देता. आठवड्याचे चार दिवस सरही हा हमालीचा धंदा मुकाट्याने करत. पण शुक्रवारचा तिसरा तास त्यांचा होता. अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकाबाईंनी कुठल्याशा उदार क्षणी त्यांना तो 'गोष्टीचा तास' म्हणून दिला होता. त्याला परीक्षा नव्हती, गुण नव्हते, म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत तो तास नव्हताच. सर मात्र त्या पंचेचाळीस मिनिटांवर आठवडा काढत. एरवी त्यांचा शर्ट रात्रभर उशीखाली झोपून आल्यासारखा दिसायचा. शुक्रवारी इस्त्री असायची.

या तासाला वर्षभर एकच गोष्ट. तुम्ही म्हणाल, एकच का? मीही म्हणालो होतो. दुसरीची गरज काय याचा पुरावा त्यांनी माझ्याकडे मागितला.

गोष्ट होती एका घड्याळजीची. त्याचा धाकटा भाऊ वीस वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेला. एक दिवस एक अनोळखी बाई दुरुस्तीला घड्याळ टाकून जाते, आणि किल्लीवरचे ओरखडे बघून घड्याळजीच्या ध्यानात येतं की हे वापरणारा माणूस डावखुरा आहे. भाऊ डावखुरा होता. घड्याळ न्यायला उद्या कुणीतरी येणार. उद्या उजाडतो, दाराची घंटा वाजते, घड्याळजी मान वर करतो. इथे अठ्ठेचाळिसावं पान संपतं, आणि झेरॉक्सही संपते.

शेवटचं पान सर देत नसत. ते एका तपकिरी लिफाफ्यात होतं. लिफाफ्यावर लाखेचं लालभडक सील. दर शुक्रवारी सर तो टेबलावर उभा करून ठेवत आणि मुलांना विचारत, दारात कोण आलंय? उत्तर काहीही चालेल, पण तीन ओळींचा आधार हवा, ओळक्रमांकासकट. त्यासाठीच ते कागदाच्या कडेला लाल आकडे. ज्या दिवशी वर्गातलं कुणी त्यांना निरुत्तर करील त्या दिवशी लिफाफा फोडायचा, असा पण होता. अकरा वर्षं लाखेला चरा गेला नव्हता.

या गोष्टीने गावात दोन पंथ तयार केले. भाऊ आला म्हणणारे भाऊवाले आणि बाईच परत आली म्हणणारे बाईवाले. कोपऱ्यावरचा औषधवाला सरांचा जुना विद्यार्थी, कट्टर बाईवाला. मी डोकेदुखीची गोळी मागायला गेलो की आधी चौदावी ओळ ऐकवायचा, त्यामुळे दुकानात जाताना नसलेली डोकेदुखी येताना हमखास असायची. एका घरात मोठी बहीण भाऊवाली आणि धाकटी बाईवाली निघाली, तर त्यांच्या आईने शाळेत येऊन मुख्याध्यापिकाबाईंना विनंती केली की सरांना म्हणावं एकदाचं कुणालातरी आत घ्या, आमच्याकडे जेवणं थंड होतात.

सरांच्या घरीही काही वेगळं नव्हतं. वहिनी दवाखान्यात औषधं द्यायला असत. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी यावं, तर दारात नवरा उभा. त्या दमल्या म्हणाल्या की हे विचारणार, कशावरून. "माझ्या तोंडावरून," वहिनी म्हणायच्या, "आणि ओळक्रमांक मागितलात तर आज भाजी तुम्ही करा." सर भाजी करायला जात. भाजी बिघडली याला मात्र त्यांना कधी पुरावा लागला नाही.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना बाईंनी सरांना बोलावून घेतलं. वरून तपासणी अधिकारी येणार होते. बिनगुणांचा तास वेळापत्रकात कसा, असा प्रश्न त्यांनी आधीच पत्राने विचारला होता. ते शुक्रवारी तिसऱ्या तासाला बसतील आणि तास ठेवायचा की नाही ते ठरवतील. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, काहीतरी चमकदार करा, तो लिफाफा वगैरे दाखवा, साहेबांना आवडेल.

सर शिक्षकखोलीत आले आणि माझ्या शेजारी बसले. बराच वेळ लाल पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग लिफाफा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "यात काही नाही."

मला वाटलं, काही विशेष नाही असं म्हणताहेत. पण तसं नव्हतं. आत खरोखरच काही नव्हतं. पुस्तक त्यांनी रद्दीच्या दुकानातून घेतलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर एकदम एक्कावन्नावं, आणि तिथे दुसरी गोष्ट सुरू. मधलं पान आधीच्या मालकाने कशाला फाडलं देव जाणे. पहिल्या वर्षी मुलांनी शेवट विचारला, सरांना तो माहीत नव्हता, आणि माहीत नाही म्हणायचा धीर झाला नाही. म्हणून तुम्हीच सांगा म्हणाले. मुलं सांगायला लागली. पुढच्या शुक्रवारी लिफाफा आला. ज्या शिकवण्याचं आम्ही सगळे कौतुक करायचो त्याचा पाया असा रद्दीत होता.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, अजून दोन दिवस आहेत, एक पान स्वतः लिहा, टाइप करून आत घाला. वहिनींनीही घरी तेच सुचवलं होतं म्हणे. रिकामा लिफाफा घेऊन कुठे जाताय, निदान दवाखान्याची एखादी चिठ्ठी तरी घाला, असं.

"तो खोटा पुरावा होईल," सर म्हणाले, आणि विषय संपला.

शुक्रवारी इस्त्री कडक होती. अधिकारी आले. भरदार देह, जाडजूड बॅग, दहा मिनिटांत उठायची तयारी. त्यांची रजिस्टरं उचलायचं काम बाईंनी मला दिलं होतं, म्हणून मीही मागच्या बाकावर. पहिली पाच मिनिटं साहेब घड्याळ बघत होते. मग कुणीतरी त्यांच्या हातात झेरॉक्स दिली. तिथून पुढे त्यांनी घड्याळ पाहिलं ते फक्त गोष्टीतलं.

विसाव्या मिनिटाला साहेब भाऊवाले झाले. पुढच्या बाकावरचा एक बाईवाला त्यांना ऐकेना, तेव्हा उठून फळ्यापाशी गेले.

"हे बघा, इतकी वर्षं झाली," ते सरांना म्हणाले, "भाऊ यायलाच पाहिजे."

"पाहिजे हा पुरावा नव्हे, साहेब."

साहेब खाली बसले आणि कागदात ओळी शोधायला लागले. मी सरांकडे बघितलं. तास वाचला असं मला वाटलं, आणि त्यांनाही वाटलं असावं, कारण ते टाचांवर किंचित झुलत होते.

तेवढ्यात खिडकीवाली उठली. ही मुलगी वर्षभर बाहेर बघत बसायची, म्हणून तिचं हे नाव. ती कुठल्याच पंथात नव्हती.

"सर, गोष्ट संपलेली नाही हे कशावरून?"

सरांचं झुलणं थांबलं. म्हणाले, पुढे पान आहे म्हणून.

"ते पुस्तकाबद्दल झालं, सर. गोष्टीत कुठे आहे?" तिने कागद वर धरला. "तिसऱ्या ओळीत आहे की भाऊ गेल्यापासून घंटा वाजली तरी हा मान वर करत नाही. गिऱ्हाईक टेबलाशी येईपर्यंत खालीच बघतो. शेवटच्या ओळीत घंटा वाजते आणि हा मान वर करतो. मग कोण का येईना. त्याने वर बघितलं. झाली की गोष्ट."

अकरा वर्षांत दोन्ही पंथांतल्या एकानेही तिसऱ्या ओळीला हात लावला नव्हता. सरांनी स्वतःच्या कागदावर तिसरी ओळ शोधली. तिच्याखाली बोट ठेवलं. मग शेवटची. आणि ते खुर्चीत बसले. तासाला बसलेले सर मी पहिल्यांदाच पाहिले.

"निरुत्तर," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

केलेला पण म्हणजे पण. साहेबांची नजर लिफाफ्यावर होती. ते म्हणाले, फोडा आता. तास संपायला चार मिनिटं होती आणि मी मनातल्या मनात शिपायाला घंटा बडव म्हणून विनवत होतो. सर उठले. आधी खिडकीवालीच्या कागदावर लाल शाईने गुण लिहिले, दहापैकी नऊ. एक गुण पुरावा मिळेपर्यंत राखून, असं बाजूला लिहिलं. मग स्वतःच्या हाताने लाख फोडली आणि लिफाफा उलटा करून टेबलावर झटकला.

"आत काही नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं."

मुलांचं मला नवल वाटलं. ती खिडकीवालीकडे बघत राहिली, लिफाफ्याकडे नव्हे. पण साहेबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच भावाला कुणी दारातून परत पाठवलं. अधिकारी म्हणून ते रागावले असते तर समजूत घालता आली असती. ते वाचक म्हणून रागावले होते. बॅग उचलली आणि चहा न घेता गेले. अहवालात एकच वाक्य होतं. शिक्षकाकडे पूर्ण पुस्तक नसून मुलांना अर्धवट गोष्ट शिकवली जाते.

तीन आठवड्यांनी सरांच्या नावाने एक पाकीट आलं. साहेबांचंच. त्यांना स्वस्थ बसवेना. तीन वाचनालयं धुंडाळून त्यांनी पुस्तकाची अखंड प्रत मिळवली होती आणि एकोणपन्नासाव्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली होती. पानावर सहा कठीण शब्दांचे अर्थ होते आणि खाली दोन प्रश्न. मागचं पान कोरं होतं. गोष्ट अठ्ठेचाळिसाव्या पानावरच संपली होती.

सरांनी ते पान दोनदा वाचलं, शब्दार्थांसकट. मग लाल पेन घेऊन खिडकीवालीच्या वर्गात गेले आणि राखून ठेवलेला एक गुण देऊन आले.

अहवाल तोवर वर गेला होता. शुक्रवारी तिसऱ्या तासाला आता माझा भूगोल असतो.