नेम रक्तात नव्हता

"घाल गं. फोटोपुरतं," सर म्हणाले आणि रंगवलेल्या पिसांचा मुकुट माझ्यापुढे धरला. कमरेला बांधायला प्लास्टिकच्या पानांची झालरही होती.

पुण्यातलं वारज्याचं मैदान. रविवारची सकाळ. सर तिथे तिरंदाजीचा क्लब चालवायचे. मी वर्षभर त्यांच्याकडे शिकत होते. त्या दिवशी माझ्याच सॉफ्टवेअर कंपनीची माणसं सहलीला आली होती. सरांनी ओळख करून दिली, "ही गडचिरोलीची. गोंड. हिला शिकवावंच लागलं नाही. नेम रक्तातच आहे."

टाळ्या पडल्या.

रक्तात? पुण्याला येईपर्यंत मी धनुष्याला हात लावला नव्हता. वडील पोस्टमन. घरात सायकल होती, धनुष्य नव्हतं.

साध्या धनुष्याला नेमासाठी काही लावलेलं नसतं. बाणाचं टोक आणि आपला डोळा, बस्स. दोरी ओढली की बोट दर वेळी ओठाच्या कोपऱ्याला, त्याच जागी टेकलं पाहिजे. जरा हललं की बाण गेला. मग टोक कुठे धरायचं ते शोधायचं. लांबून थेट लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यावर, जवळून बरंच खाली. ते मी शोधलं. रविवारमागून रविवार. दोरी लागून हाताचं कातडं सोललं, ऑफिसात बाही ओढून झाकलं. बोट चुकलं की सरच ओरडायचे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मी मुकुट घेईना. आमचे मॅनेजर म्हणाले, "लाजतेस काय? तुमच्याकडे एवढे तरी कपडे घालतात का?"

सगळे हसले. मीही हसले. सवयीनं. कॉलेजातही अशीच हसायचे. त्या क्षणी स्वतःचीच किळस आली.

"मी हे घालणार नाही," मी म्हणाले. "आणि नेम माझ्या रक्तात नाही. शिकलेय मी. सर, तुम्हाला माहितीये."

सरांचा आवाज चढला नाही. "काहींना कौतुक पचत नाही. धनुष्य ठेवा आणि निघा आपण."

ठेवलं. निघाले. कुणी हाक मारली नाही.

पुढे परदेशी जाणाऱ्या टीममधून माझं नाव गळलं. मॅनेजर म्हणाले, "तुझ्यात टीम स्पिरिट नाही."

आता पुण्याजवळच्या मांजरी गावात, मैत्रिणीच्या ऊस तोडलेल्या रानात सराव करते. धनुष्य नवं, जड. जुना अंदाज चालत नाही. टोक कुठे धरायचं, पहिल्यापासून बसवतेय. बाण चुकतात. चुकू देत.

पण ते हसणं संपलं. माझ्या मेहनतीला कुणी रक्त म्हणालं, तर तिथेच, चारचौघांत, तोंडावर खोडून काढीन. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे.