दहा मिनिटांवरचं दीपगृह

शहापूरला तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं तो प्रवासी जहाजावर कपडे धुवायच्या कामाला होता. अजूनही झेरॉक्सची टॉवेलासारखी घडी घालून, कडेवरून अंगठा फिरवूनच हातात देतो. नको म्हटलं तरी देतो.

मी प्रवासी जहाजाच्या सहलीला निघालो होतो आणि आमचं जहाज गोव्याला एक दिवस थांबणार होतं. तेवढ्यात समुद्राकाठच्या रस्त्याने गाडीतून फिरून यावं, म्हणून मी त्याला विचारलं. त्याने खराब कागदाच्या पाठीवर बंदर, चर्च आणि दीपगृह काढलं.

“चर्चपासून लाइटहाऊस धा मिनिटं. पन चारला मागं फिरा. तुमी आलं नाय तरी जहाज सुटतं.”

चर्चच्या पुढे खाडी निघाली. कागदावर ती नव्हतीच. ड्रायव्हर म्हणाला, पुलावरून वळसा घालून दीड तास लागेल. मी चरफडत गाडी मागे वळवायला लावली.

संध्याकाळी जहाज सुटलं. डेकवरून पाहिलं, तर चर्च आणि दीपगृह शेजारी शेजारी उभी. मधली खाडी कुठे दिसतच नव्हती. म्हणजे बारा वर्षांत हा बाबा तिथे कधी उतरलाच नव्हता.

परतल्यावर चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून दुकानात गेलो. मला पाहून त्याने मशीन थांबवलं.

“लाइटहाऊस बगितलं? जवळनं पन पांढरंच हाय ना?”

“पांढरंच आहे,” मी म्हणालो.