मर्सीचा थॉमस, पेशन्सचा थॉमस

एकाच नावाची दोन माणसं दिसली की माझ्या बायकोच्या, प्रेमाच्या अंगात येतं. टॅम्पिनीसमधल्या एका खाजगी दवाखान्यात तिनं बावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. मी जहाजावर चीफ इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. घर, मुलगा, नोकरी, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. त्या दवाखान्यात एका वेळी चौदा टॅन मेई लिंग होत्या. एकीला मधुमेह, दुसरीला पेनिसिलिनची ॲलर्जी, तिसरीचे दिवस भरत आलेले. चुकीची फाइल डॉक्टरांपुढे गेली तर माणूस दगावायचा. म्हणून प्रेमाचा नियम असा, की नाव सारखं असलं तरी माणसं दोनच समजायची, आणि एक आहेत असं कागद सांगेपर्यंत फायली जोडायच्या नाहीत. अशा फायलींवर ती पिवळी पट्टी चिकटवायची. बावीस वर्षांत एकही फाइल चुकली नाही, असं ती सांगते. मी घरी नसायचो, त्यामुळे मला ते मान्य करावं लागतं.

आमचा रुचिर जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहे. त्याची बायको रेचल अमेरिकन, इथे शाळेत शिकवते. दोघं बिशानला राहतात आणि दर रविवारी सकाळी आमच्याकडे पोह्यांना येतात. पोहे झाले की रेचल तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावते. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. आमचे व्याही वॉल्टर वेदरली, वय ब्याऐंशी, फुप्फुसं थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. बोलणं मोजकं. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, संपलं.

गेल्या वर्षी एका रविवारी मात्र ते जरा वेगळंच बोलले. त्यांच्या घराण्याचं एक छापील पुस्तक आहे, आपल्याकडे कुलवृत्तान्त असतात तसं, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा चुलत पणजोबानं लिहिलेलं. त्यात मूळ पुरुष थॉमस वेदरली. सोळाशे चाळीसच्या आसपास इंग्लंडहून बोटीनं आलेल्या प्युरिटन लोकांपैकी एक. ही धर्मापायी देश सोडलेली कडक माणसं, नाताळसुद्धा साजरा न करणारी. आणि त्या पुस्तकात लिहिलंय, की या थॉमसनं बायको मर्सी आणि तान्हं मूल ऐन थंडीत वाऱ्यावर सोडलं, आणि तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावात जाऊन पेशन्स नावाच्या बाईशी संसार थाटला. वेदरली कुळ चालतं ते पेशन्सच्या मुलांपासून.

वॉल्टर नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील एका रविवारी चर्चमधून आले, कोट न काढताच पुन्हा बाहेर पडले आणि कधीच परतले नाहीत. आईनं ते पुस्तक उघडून मुलाला पान दाखवलं. म्हणाली, तुमच्या रक्तातच आहे, पहिल्या थॉमसपासून. वॉल्टर आयुष्यभर त्या रक्ताला भीत राहिले. रेचल सांगते, बाबा रोज सहाच्या ठोक्याला घरी. मुक्कामाचं काम आलं की नोकरी बदलायचे. बायको अकरा वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा एक रात्र बाहेर काढली नाही. आणि तरी त्यांना वाटायचं, आपल्यात ते आहे, फक्त अजून बाहेर आलेलं नाही.

"जाण्याआधी एवढंच कळायला हवं होतं," ते म्हणाले, "की ते पान खरं आहे का. पण आता माझ्या डोळ्यांना वाचवत नाही."

"मी बघते," प्रेमा म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! म्हटलं, "अगं, चारशे वर्षांपूर्वीची माणसं, तीही इंग्रजांची. तुला काय कळणार त्यातलं?"

"आई कॅन, लाह, जमेल तिला," रुचिर म्हणाला. "तिचं काम तुम्ही बघितलंय कधी, बाबा?"

त्या जुन्या गावांच्या नोंदी आता फोटो काढून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. प्रेमा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची. अक्षरं अशी, की मुंग्या शाईत पडून कागदावरून चालत गेल्या असाव्यात. पहिले दहा दिवस तिला एक ओळ लागेना. मग लागायला लागली. महिन्यांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि पहिला महिना मार्च, हे तिला कळलं तेव्हा ती मला हाक मारून म्हणाली, "अहो, यांचाही पाडवा मार्चातच!"

तिसऱ्या आठवड्यात तिनं टेबलावर थाप मारली. एका गावच्या नोंदीत होतं, 'थॉमस वेदरलीची बायको मर्सी, हिला मूल झालं आहे, आधार नाही, गावानं धान्य आणि सरपण द्यावं.' पुढल्या वर्षी दुसऱ्या गावच्या नोंदीत, 'थॉमस वेदरली आणि त्याची बायको पेशन्स.'

"एकच बाई आहे ही!" प्रेमा म्हणाली. "मर्सी माहेरचं नाव, पेशन्स सासरचं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिथं माहेरच्या नावानं लिहिलंय. नवरा बिचारा आपल्या गावी. यात पळून जाण्यासारखं काय आहे?"

मला शंभर टक्के पटलं. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं 'प्रेमा' मीच लिहिलं होतं, त्याआधी ती मेधा होती. साताऱ्याला तिच्या माहेरच्या गल्लीत अजून कुणी प्रेमा म्हणत नाही. रुचिर झाला तेव्हा ती तिकडे आणि मी सुएझ कालव्यात. मला तर हे सगळं घरातलंच वाटलं.

त्या रविवारी रेचल तापानं बिशानलाच झोपून होती. रुचिरनं कॉल लावून दिला. प्रेमा म्हणाली, "मिस्टर वॉल्टर, तुमच्या थॉमसनं कुणालाही सोडलं नाही. मर्सी आणि पेशन्स एकच बाई आहे. ती बाळंतपणाला आईकडे गेली होती." म्हातारा माणूस आमच्यासमोर हमसून हमसून रडला. तीनदा थँक यू म्हणाला.

पुढल्या रविवारी रेचल आली आणि तिनं साधा प्रश्न विचारला, "आई, नाव बदलल्याचा कागद कुठला?"

"कागद कशाला? लग्नात नाव बदलणारच की."

रेचल हळूच म्हणाली, "आमच्यात आडनाव बदलतं, आई. मर्सी मरेपर्यंत मर्सीच राहते."

प्रेमाचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. बावीस वर्षं पाळलेला नियम तिनं मोडला होता, तोही फायलीतली बाई स्वतःसारखी वाटली म्हणून. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा दोष माझा, तिचा कधीच नव्हता. मी म्हटलं, "राहू दे ना. त्यांना बरं वाटलंय. किती दिवस उरलेत त्यांचे? तिकडे कोण कागद बघायला बसलंय?"

"तुमच्या इंजिनचं प्रेशर गेज खोटं दाखवत असतं, तर राहू दिलं असतंत?" ती म्हणाली. आणि तिथल्या तिथे कॉल लावायला सांगून म्हणाली, "मिस्टर वॉल्टर, मी चुकले. त्या दोन वेगळ्या बायका आहेत. माफ करा."

ते म्हणाले, "काही हरकत नाही, प्रेमा. एक आठवडा फार छान गेला." त्यानंतर रविवारी ते हवेबद्दल बोलायचे आणि दमलो म्हणून लवकर फोन ठेवायचे.

दुधानं तोंड पोळल्यावर प्रेमा ताकही फुंकून प्यायला लागली. थॉमस वेदरली हे नाव असलेला प्रत्येक कागद तिनं टॅम्पिनीसच्या लायब्ररीत छापून आणला, एकूण एकेचाळीस, आणि प्रत्येकावर पिवळी पट्टी चिकटवली. मग जणू एकेचाळीस वेगळी माणसं आहेत असं धरून ती एकेकाला विचारत बसली. तू कुठल्या गावचा? तुझा शेजारी कोण? तुझी बायको कोण? तुला लिहिता येतं का? काही कागदांवर पूर्ण सही होती. काहींवर नुसती खूण, माशाच्या गळासारखी वाकडी. सही करणाऱ्याजवळ कायम पेशन्स. गळवाल्याजवळ मर्सी. मी म्हटलं, झालं की! ती म्हणाली, "आजारी माणूससुद्धा सहीऐवजी खूण करतो. हे पुरत नाही."

मी हे सगळं आधी टवाळीनं बघत होतो. पण ती कामात असली की मी मागे उभा राहून वाचायला लागलो, आणि माझी टवाळी हळूहळू विरली. मी अटलांटिक कितीदा ओलांडलाय याची मोजदाद नाही. चाळीस हजार टनांचं जहाज, खाली माझी इंजिनं, आणि तरी जानेवारीत त्या पाण्यात मी कठडा धरून देवाचं नाव घेतलंय. ही माणसं लाकडी बोटीत, शेळ्या आणि पोरंबाळं घेऊन गेली. पेशन्सच्या नोंदीत तीन मुलांचं नाव थॉमस आहे. पहिला गेला, दुसऱ्याचं तेच ठेवलं. तोही गेला, तिसऱ्याचं तेच. आपल्याकडे पोर जगावं म्हणून दगडू, धोंडू ठेवतात, नियतीची नजर चुकवायला. या बाईनं तिसऱ्यांदा तीच हाक मारली. तिच्या छातीचं मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

चौथ्या महिन्यात प्रेमा एका जुन्या कोर्टाच्या गठ्ठ्याशी पोचली. त्याला सूची नव्हती. सहाशे बावन्न पानं एकेक करत उलटायची. पुस्तक लिहिणारा तो चुलत पणजोबा तिथवर गेलाच नसणार. तिनं रोज चाळीस पानं लावली. एका दुपारी मी पंख्याखाली पडलो होतो, तर तिनं नुसतं "अहो" म्हटलं. आवाज ऐकून मी धावत गेलो.

मेलेल्या माणसाच्या वस्तूंची यादी होती ती. 'थॉमस वेदरली, खाडीपलीकडे रचलेलं गवत आणायला गेला असता होडी उलटून बुडाला.' मग वस्तू. दोन पातेली, एक अंथरूण, एक कुऱ्हाड, एक पाळणा. तारीख, अकरावा महिना, म्हणजे जानेवारी. खाली एक थरथरती रेघ आणि शेजारी कारकुनाच्या अक्षरात, 'विधवा मर्सी हिची खूण'. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, तीस मैलांवर, दुसऱ्या थॉमस वेदरलीनं गावची कुंपणं तपासण्याचं काम स्वीकारलं म्हणून पूर्ण सही केलेली.

"मेलेला माणूस कुंपणं तपासत नाही," प्रेमा म्हणाली. "दोन माणसं आहेत. दोन." आणि ती रडायला लागली.

मी त्या रेघेवर बोट ठेवलं. पावणेचारशे वर्षांपूर्वी एका बाईनं, घरात पाळणा असताना, नवऱ्याच्या पातेल्यांच्या यादीखाली ओढलेली ती रेघ. पुढे एका पुस्तकानं तिला टाकलेली बायको ठरवलं आणि तिच्या बुडालेल्या माणसाला पळपुटा. तिचं खरं काय ते टॅम्पिनीसमधल्या सातव्या मजल्यावरच्या घरात आमच्या प्रेमाला कळलं. चाळीस वर्षं मी या बाईबरोबर संसार केला असं म्हणतो, पण माझ्या घरात कोण राहतं हे मला त्या दुपारी नीट दिसलं. मला तिला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, चहा केला.

या खेपेला तिनं आधी रेचलला सगळे कागद दाखवले. रेचलनं दोनदा तपासले. मग रविवारी कॉल लावला. प्रेमानं एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरला, रेचलनं वाचून दाखवला. वॉल्टर नळी सावरत ऐकत होते. शेवटी प्रेमा म्हणाली, "मर्सीचा थॉमस बुडाला. पेशन्सचा थॉमस तुमचा, आणि त्याच्या आयुष्यात मर्सी कधी आलीच नाही. कुणी कुणाला सोडलं नव्हतं, मिस्टर वॉल्टर. तुमच्या रक्तात ते नाही. या वेळी कागद आहे."

आम्हाला वाटलं, आता ते रडतील, हसतील. पण ते म्हणाले, "म्हणजे माझे वडील रक्तामुळे गेले नाहीत."

रेचलनं तोंडावर हात ठेवला. आम्ही कुणीच याचा विचार केला नव्हता. त्र्याहत्तर वर्षं त्या माणसानं बापाचा दोष थॉमसच्या माथी मारून बापाला वाचवलं होतं, आणि प्रेमानं आज थॉमसला सोडवलं.

"त्यांच्या मर्जीनं गेले," वॉल्टर म्हणाले. "मला टाकून."

"हो," प्रेमा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. जरा पुढे सरकून, फायली बघताना बोलायची तसं शांतपणे तिनं म्हटलं, "आणि तुम्ही तुमच्या मर्जीनं राहिलात. तेही रक्तामुळे नाही. अकरा वर्षं. रोज."

वॉल्टरनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"राहिलो," ते म्हणाले. "हो. मी राहिलो."