एका बंदाचं टोपडं

पेटीत आज लेकीचं टोपडं सापडलं. एकच बंद, अन् अजून ऑइलचा वास.

लेक तेव्हा सहा महिन्यांची, तापानं फणफणलेली, रडतसुद्धा नव्हती. नाशिकला दवाखान्यात नेताना चांदवडच्या घाटात सासऱ्यांच्या जुन्या जीपचा ऑइलचा लाल दिवा लागला. ऑइल संपलं असलं तर इंजिन जाम होऊन गाडी तिथंच अडकणार. ह्यांनी ऑइल मोजायची पट्टी टोपड्याला पुसून बघितली. ऑइल भरपूर होतं. मग इंजिन चालू ठेवून ह्यांनी बॉनेटखालची त्या दिव्याची वायर हलवली.

"गेला का दिवा?"

"गेला. नाय, परत आला."

"इंजिन बरंय. वायर सोललीय, बॉडीला लागतीय. चिंधी दे."

मी टोपड्याचा बंद तोडला. वायरीला गुंडाळल्यावर दिवा विझला. जीपनं हिसका दिला अन् लेक मोठ्यानं रडली.

"गप कर तिला," हे म्हणाले.

"रडू द्या," मी म्हणलं.