टेम्पोतलं लेथ मशीन

काल नातवाने दाराला ऑइलपेंट लावला आणि टर्पेंटाइनच्या वासाने मला अंबरनाथचं ते गेट आठवलं. कारखाना बंद पडला होता, मालकाने मागची शेड नाटकाचे सेट बनवणाऱ्याला दिली होती आणि मी तिथे रंगकामाला जायची. आमचे हे त्याच कारखान्यातले. मालक मशिनी पळवेल म्हणून हे आणि बाकीचे कामगार गेटवर बसून बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तपासायचे. त्या दुपारी त्यांनी सेटचा टेम्पो अडवला, ताडपत्री ओढली, तर आत लोखंड कातायचं अवजड लेथ मशीन. "घ्या! वहिनींनीच वाट करून दिली," एकजण म्हणाला. ह्यांनी सळई उचलली. ड्रायव्हरने घाबरून काच वर केली. मी ओरडले, "अहो, प्लायवूड आहे ते! नाटकातलं. मीच रंगवलंय." "मला शिकवतेस? जन्म गेला माझा लेथवर," म्हणत ते टेम्पोत चढले आणि मशीनला हात घातला. ते एका हाताने उचललं गेलं. कोणी हसलं नाही. ह्यांनी ते सावकाश खाली ठेवलं, "जाऊ दे रे गाडी," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवर बसायला गेले नाहीत. आता तिथे सगळ्या शेडींत स्टुडिओ आहेत, लोक कौतुक करतात. आमचं घर त्या रंगकामावरच चाललं. ह्यांनी मात्र आत कधी पाऊल टाकलं नाही, आणि मीही त्यांना कधी 'या' म्हटलं नाही.